अडगावची ज्वारी

अनुप तेलगोटे अकोल्यात भूकरमापक आहे. म्हणजे लोकांच्या शेतांची मोजणी करून हद्दीच्या खुणा दाखवणारा सरकारी माणूस. दिवसभर दोन भावांच्या मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्याचं काम. वय बेचाळीस, पोट थोडं सुटलेलं. बायको नीलम शाळेत शिक्षिका. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू होती तीही सोडली. असा हा सरळ माणूस दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी एसटीनं अमरावतीला जायचा आणि इंग्रजांचा मार खाऊन संध्याकाळी परत यायचा.

त्याचं असं आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडच्या अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसले हरले. ही लढाई अनुप आणि त्याचे दोन मित्र टेबलावर पुन्हा खेळत. टेबल म्हणजे दहा फूट बाय सहा फूट. त्यावर गाव, नाला, वाट, तोफा आणि नखाएवढाले सहाशे शिपाई. आपल्या पाळीला शिपाई टेपनं मोजून पुढं सरकवायचे, गोळा लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं, आणि शेवटी कोणाची फौज टेबलावर उरते ते पाहायचं. बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. वाटू द्या. तिघंही दिवाळी झाली की दुसऱ्या कशावर बोलत नसत.

मित्र कॉलेजातले. केदार वकील, राजापेठेत त्याच्या घरी वरच्या हॉलमध्ये हे टेबल. इंग्रजांची फौज केदारची. अदिती दातांची डॉक्टर, ती पंच. टेबलावरची घरं आणि गावाची भिंत तिनं दातांचे साचे काढतात त्या प्लास्टरची केलेली. आणि भोसल्यांची फौज अनुपची. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्याच्या वाट्याला भोसले आले, मग त्यानंच ते शिपाई रंगवले, एकेकाच्या पागोट्याला वेगळा रंग दिला, आणि तेव्हापासून कोणी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. भोसले म्हणजे अनुप, असं होऊन बसलं.

तर हा अनुप नऊ वेळा हरला होता. नऊ! खऱ्या लढाईत भोसले एकदाच हरले हो. नऊ वेळा हरल्यावर माणसाला त्याचं हसू येत असेल असं लोकांना वाटतं. त्याला येत नसे. परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून प्रत्येक चाल पुन्हा खेळायचा, आणि नीलमनं दार उघडून "काय झालं?" विचारलं की चप्पल काढता काढता म्हणायचा, "काय होनार हाय?" आठवडाभर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

त्यात यंदा केदारनं फोन करून सांगितलं की तो नागपूरला चालला. हायकोर्टात वकिली करायची, बायको-मुलीसकट बिऱ्हाड हलवायचं, राजापेठेतलं घर भाड्यानं द्यायचं. "नागपूर काही लांब नाही बे, खेळू की," असं तो म्हणाला खरा. पण बिऱ्हाड हललं की असे खेळ बंद पडतात हे तिघांनाही कळत होतं. दहावी लढाई ती शेवटची. अनुपला ती जिंकायची होती. तेवढंच त्याला हवं होतं: भोसल्यांची फौज एकदा, एकदाच, संध्याकाळी टेबलावर उभी राहिलेली पाहायची.

आता त्याच्या वडिलांकडे येऊ. पुंजाजी, वय पंचाहत्तर. जन्म तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला, अडगावपासून सायकलच्या अंतरावर. आयुष्य दुसऱ्याच्या वावरात सालदारकी करण्यात गेलं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्यातून अनुपला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी अनुपची आई इंदूबाई गेल्या आणि अनुपनं वडिलांना अकोल्याला आणलं. फ्लॅटमध्ये त्यांना सगळं होतं, फक्त काम नव्हतं. टीव्ही ते पाहत नसत. गॅलरीत बसून समोरच्या रिकाम्या प्लॉटातली काँग्रेस-गवताची झाडं मोजत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी अनुप डायनिंग टेबलावर नकाशा पसरून बसला होता. नकाशावर काळ्या मातीच्या रंगानं रंगवलेले रिकामे चौकोन. पुंजाजी पाण्याचा तांब्या घ्यायला आले आणि थांबले.

"हे काय होय?"

"अडगाव. लढाई झाली थे."

"कोनत्या महिन्यात झाली?"

"नोव्हेंबर. एकोणतीस तारीख."

पुंजाजींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "मंग वावरं रिकामी काहून दाखवली?"

"सोयाबीन दिवाळीच्या आत निघते न बाबा."

यावर म्हातारा असा हसला की तांब्यातलं पाणी नकाशावर सांडलं. "अबे येड्या! भोसल्याच्या राज्यात सोयाबीन कोनं पेरलं?"

अनुपनं नकाशावरचं पाणी बाहीनं टिपलं. नीलम स्वयंपाकघरातून बाहेर आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं तर बापलेक दोघंही बोलायला तयार नाहीत, एक हसून हसून आणि दुसरा लाजेनं.

खरंच की. शेतंच मोजणारा सरकारी माणूस, एक वकील, एक डॉक्टर. तिघांनी दहा वर्षं नकाशे पाहिले, तोफांचे पल्ले काढले, शिपायांच्या कोटाची बटणं रंगवली. नकाशात 'शेतं' असं लिहिलेलं होतं. शेतात काय उभं होतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण तिघांच्याही आठवणीत नोव्हेंबरअखेर वावर म्हणजे सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान.

"गावरान ज्वारी होये त्या टायमाले," पुंजाजी डोळे पुसत म्हणाले. "सोंगाले पौष लागे. नोव्हेंबरात त नुसती उभी. दोन पुरुस उंच. बैल शिरला त शिंग नाई दिसे."

अनुपच्या डोक्यात लख्ख झालं. नऊ वर्षं त्याचे घोडेस्वार उघड्या रानातून इंग्रजी तोफांवर धावत गेले आणि वाटेतच मेले. ज्वारी असती तर? बैल दिसत नाही तर घोडाही दिसत नाही. घोडे ज्वारीतून थेट इंग्रजांच्या बगलेशी नेता येतील, आणि केदारला पत्तासुद्धा लागणार नाही!

पुढचे पाच आठवडे घरात दुसरं काही झालं नाही. झाडायच्या शिंदीच्या फड्याच्या काड्या काढायच्या, दोन-दोन नखांएवढ्या कापायच्या, टोकाला डिंक लावून लाकडाच्या भुशात बुडवायच्या म्हणजे कणीस झालं, आणि फोमच्या तुकड्यात दाट रोवायच्या. नीलमचे तीन फडे गेले. "घर कायनं झाडू? तुमच्या ज्वारीनं?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि मग तीही काड्या कापायला बसली. पुंजाजी समोर खुर्ची टाकून देखरेख करीत. "दाट झाली. येवढी दाट पेरत नाईत. दोन ओळींत तास ठेव. कनीस खाली झुकलं पायजे, भरलेलं हाय थे." गॅलरीत बसणं बंद झालं. त्यांचा आवाजही घरात वाढला.

खेळाच्या आधीच्या सोमवारी रात्रीच्या जेवणापूर्वी अनुपनं ज्वारीचा एक चौकोन टेबलाच्या काठावर ठेवला, मधोमध एक घोडेस्वार उभा केला आणि बाहेरच्या बाजूनं वाकून पाहिलं. घोडेस्वार अजिबात दिसत नव्हता. तो खूश झाला. मग काय वाटलं कोण जाणे, घोडेस्वार काढून त्यानं चौकोनाच्या मधल्या काड्या बोटांनी बाजूला केल्या, तिथं डोळा नेला आणि आतून बाहेर पाहिलं. काड्याच काड्या. पलीकडे नीलमचा डबा होता, तोसुद्धा दिसेना.

अनुप सरळ झाला. खेळाचा एक मूळ नियम होता: जे दिसतं त्याच्यावरच हल्ला करता येतो. ज्वारीतून बाहेरचं दिसत नसेल तर घोड्यांना आधी काठावर यायला हवं, तिथं थांबायला हवं, आणि तेवढ्यात केदारच्या तोफा त्यांना टिपणार. म्हणजे झालं, पुन्हा तेच. त्यानं चौकोन उचलून खोक्यात ठेवला. कोणी विचारलं तर पाहू, नाही विचारलं तर आपण होऊन कशाला सांगायचं, असं त्यानं ठरवलं आणि जेवायला बसला.

रविवारी बापलेक सकाळच्या एसटीनं निघाले. पुंजाजींनी पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. त्यांना अनुपनं मुद्दाम नेलं, कारण केदार ज्वारी सहजासहजी मान्य करणार नाही हे त्याला माहीत होतं.

तसंच झालं. ज्वारीचे बावीस चौकोन टेबलावर मांडलेले पाहून अदिती "अगं बाई, किती सुंदर!" म्हणाली, आणि केदार म्हणाला, "पुरावा?"

"साक्षीदार आणला हाय," अनुप म्हणाला.

केदारला हेच हवं होतं. वकिलाला साक्षीदार म्हणजे मांजराला दूध. त्यानं पुंजाजींना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग हसत म्हणाला, "काका, आधी शपथ. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही."

पुंजाजी उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "खरं सांगीन. खोटं नाई सांगनार." बाकीचे हसत होते. ते हसत नव्हते.

"ज्वारीची उंची किती होती म्हणता?"

"दोन पुरुस. कुठी कमी, कुठी जास्त."

"मोजली होती?"

"कापली होती. पोरगा होतो तवा कापली."

"पण १८०३ सालची ज्वारी तर तुम्ही पाहिलेली नाही."

"नाई साहेब, तेवढा म्हातारा नाई मी." अदिती खळखळून हसली. "पन हायब्रीड आलं तवा मी पंधरा-सोळाचा. त्याच्या आधी मालकाच्या घरी बी होतं थे त्याच्या आज्यापासूनचं. बी बदलत नसत लोकं. कनीस पाहून ठेवाचं, थेच पुढच्या साली पेराचं. आता त्याच्या आज्याच्या आज्याकडे बुटकी ज्वारी होती असं तुमी म्हनसान त मंग मले मालूम नाई."

केदारनं हात जोडले. ज्वारी मंजूर. अदितीनं नियम लिहून घेतला: ज्वारीतली फौज बाहेरून दिसत नाही, खेळाडूनं ती कुठं आहे ते चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचं. आणखी एक ठरलं. ज्वारीबद्दल पुढं काही वाद झाला तर काका सांगतील ते शेवटचं. ही सूचना अनुपचीच.

लढाई अकराला सुरू झाली. अनुपनं चिठ्ठी लिहिली: 'पूर्वेचं वावर, मधोमध, सोळा घोडे.' एक घोडा म्हणजे पन्नास, तर हे आठशे. काठावर ठेवले तर बाहेरून दिसायची भीती, म्हणून मधोमध. मग त्यानं तोफा लावल्या. खऱ्या लढाईत इंग्रजांच्या दोन-तीन पलटणी सुरुवातीला तोफांच्या माऱ्यानं पळाल्या होत्या, तशा टेबलावरही पळाल्या. फासे अनुपच्या बाजूनं पडत होते. केदारनं घाम पुसला. पळालेले शिपाई गोळा केले, पुन्हा रांगा लावल्या आणि पूर्वेच्या वाटेनं वळसा घालून निघाला. दर वर्षी तो असाच निघायचा. वाट पूर्वेच्या वावराच्या अगदी काठानं जात होती.

अनुपनं तीन पाळ्या घोडे हलवले नाहीत. जेवणाची वेळ झाली तरी कोणी उठेना. पुंजाजी खुर्ची पुढं ओढून बसले होते, त्यांनाही आता कळायला लागलं होतं. इंग्रजांची शेवटची राखीव पलटण वावराला लागून पुढं सरकली. बगल उघडी. चार बोटांचं अंतर.

"हल्ला," अनुप म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

अदितीनं चिठ्ठी उघडून वाचली. केदारचा चेहरा असा उतरला की अनुपला नऊ वर्षांचं सगळं भरून पावलं. मग केदारनं नियमांची वही ओढली. वकीलच तो.

"जे दिसतं त्याच्यावरच हल्ला. बरोबर? त्यांना मी दिसतो का?"

"चार बोटांवर उभा हायस तू लेका!"

"अंतर नाही विचारलं. बाहेरून आतलं दिसत नाही हे ठरलं. आतून बाहेरचं दिसतं का?"

अदिती म्हणाली, "हे आपण ठरवलंच नाही, अनुप." आणि तिघंही पुंजाजींकडे वळले.

पुंजाजींनी मुलाकडे पाहिलं. अनुप हातातल्या टेपकडे पाहत होता. तो टेप उगाच ओढून सोडत होता. म्हाताऱ्याला काय पणाला लागलंय ते कोणी सांगायची गरज नव्हती. पाच आठवडे त्यांनी घरात दुसरं काही ऐकलं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. 'दिसते.' तो खोटा आहे हे या खोलीत कोणालाही कळलं नसतं.

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, टेबलाशी वाकले, काठावर हनुवटी टेकवली आणि एक डोळा मिटून बराच वेळ काड्यांमधून पाहत राहिले.

"घोडे काठाले हायत का मधात?"

"मधोमध," अदिती म्हणाली.

"काठाले असते त दिसलं असतं. मधात हायत. मधातून काई दिसत नाई." ते सरळ झाले. "आमी सोंगाले शिरलो का एकमेकायले आवाज देत राहो. शेजारचा मानूस नाई दिसे."

"बाबा, घोड्यावरचा माणूस उंच असते," अनुप म्हणाला. त्यानं हे म्हणायला नको होतं, पण म्हणाला.

"मुंडकं कनसाच्या वर निंगालं त बाहेरून दिसन बाबू. मंग इतका वेळ लपले कसे?"

अदितीनं निकाल दिला: घोडे काठापर्यंत येतील, थांबतील, हल्ला पुढच्या पाळीला. अनुपनं सोळा घोडे स्वतःच्या हातानं काठावर आणून ठेवले. मग केदारची पाळी. राखीव पलटण वळली, दोन तोफा वळल्या, फासे पडले. सोळापैकी अकरा घोडे उचलावे लागले. उरलेल्या पाचांचा पुढच्या पाळीत काही उपयोग झाला नाही. त्यानंतर तासभर खेळ चालला, पण तो चालवायचा म्हणून.

"जिंकला होतास बे," केदार हात मिळवताना म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, म्हणूनच अनुपला जास्त लागलं. अदितीनं दही-चटणीतला गिला वडा मागवला. पुंजाजींनी दोन प्लेटी खाल्ल्या, केदारच्या मुलीला, इशिताला, हुरडा कसा भाजतात ते सांगितलं, आणि निघताना सगळे त्यांच्या पाया पडले. अनुप शिपाई खोक्यात भरत होता. त्यानं कोणाशी धड बोलणं केलं नाही.

एसटीत खिडकीची जागा त्यानं वडिलांना दिली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली, फेरीवाला चहा घेऊन चढला, अनुपनं नको म्हणून मान हलवली. त्याला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

बस पुन्हा सुटल्यावर पुंजाजी म्हणाले, "तुले मालूम होतं."

अनुपनं तिकिटाची घडी घातली.

"डोळे वर करून पाह्यत नव्हता तू. आतून दिसत नाई हे तुले मालूम होतं."

"हो," अनुप म्हणाला. "सोमवारी पाहून ठेवलं होतं."

"मंग मले काहून इचारू देल्लं?"

तेव्हा मात्र अनुप बोलला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण आवाज अगदी पोराचा आला. "मले वाटलं, तुमी माह्या बाजूनं बोलसान, बाबा."

पुंजाजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"तुह्याच बाजूनं बोललो," ते म्हणाले. "तुह्या साक्षीदारानं खोटं सांगतलं असं उद्या कोनाले समजलं असतं, त तू मान वर करून अमरावतीले गेला नसता."

अनुपला रडू आलं होतं आणि बस भरलेली होती, म्हणून तो समोरच्या सीटच्या दांडीकडे पाहत राहिला. अकोला यायला अजून पाऊण तास होता. तेवढा वेळ वडिलांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता.